संक्रांतीआधीचं कलादालन: हाताने केलेल्या वस्तू, वाण आणि किमतीचा घोळ (नाशिक)

रोलर_आणि_शाई

नाशिककर आणि नाशकात येऊन-जाऊन असणारे, जरा इकडे लक्ष द्या.

आमचा चित्रकार-कारागिरांचा एक छोटा गट आहे. कुणी जलरंगात घाट रंगवतं, कुणी मातीचे मग-वाडगे करतं, एक ताई हलव्याचे दागिने करतात, मी लिनोची छपाई करते. नाताळ ते संक्रांत या दिवसांत गंगापूर रोडच्या बाजूला एक लहानसं कलादालन आठवडाभर घेऊन आम्ही भेटवस्तूंचं प्रदर्शन लावतो. मोठी चित्रं नसतात. तळहाताएवढ्यापासून फार तर वर्तमानपत्राच्या पानाएवढ्या वस्तू, सगळ्या इथल्याच लोकांच्या हातच्या.

आधी हे दिवाळीत करायचो. पण दिवाळीत माणूस कपडे, किराणा, फराळाचं सामान अशी यादी घेऊनच घराबाहेर पडतो, कलादालनाची पायरी चढायला त्याला उसंत नसते. संक्रांतीचं तसं नाही. रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवं चालतात, घराघरात 'यंदा काय लुटायचं' यावर खल होतो, कुणाच्या सुनेचा पहिला सण असतो, कुणाच्या बाळाचं बोरन्हाण असतं. म्हणजे देण्याघेण्याचे दिवस हेच.

घोळ पण इथेच आहे. वाण म्हणजे चाळीस-पन्नास नग, एकसारखे आणि प्रत्येकी पन्नास रुपयांच्या आत. माझी सगळ्यात लहान छपाई तीनशेची. मग-वाडगेवाली मैत्रीण म्हणते, पन्नासात माझी भट्टीसुद्धा पेटत नाही. गेल्या खेपेला एक काकू तिचे मग हातात घेऊन फार प्रेमाने न्याहाळत होत्या आणि मग म्हणाल्या, "असेच पंचेचाळीस द्या, पण सगळे सारखे हवेत हं, नाहीतर बायका आपापसात बघतात."

म्हणून विचारतेय. दालनात वाणाचा वेगळा स्वस्त कोपरा करावा का? केला तर बाकीच्या वस्तूंचा भाव पडेल का? आणि विकलेली वस्तू तिथल्या तिथे गिऱ्हाइकाला द्यावी की प्रदर्शन संपेपर्यंत भिंतीवर ठेवावी, यावर आमच्यात दोन तट पडलेत. विकणाऱ्यांनी, घेणाऱ्यांनी, नुसतं बघून जाणाऱ्यांनीही लिहा. बघून जाणारेच जास्त असतात आणि त्यांच्या मनात काय होतं ते कधी कळत नाही.

चिवडा_आणि_चहा

मी पयला!

नुसतं बघून जाणाऱ्यांचा अधिकृत प्रतिनिधी म्हणून बोलतो. काचेचं दार ढकलून आत गेलं की चिडीचूप शांतता, आणि कोपऱ्यात खुर्ची टाकून आपल्याकडे बघणारा कलाकार. किंमत विचारली आणि घेतलं नाही तर बरं दिसणार नाही म्हणून मी किंमत विचारतच नाही. पाठीमागे हात बांधून एक फेरी मारायची, "छान आहे" म्हणायचं आणि सटकायचं. किंमत ठळक अक्षरात लिहून ठेवा हो, आमच्यासारखे भिडस्त लोक वाचतील तरी.

आणि गाडी कुठे लावायची तेही लिहा.

सिडकोची_सून

ताई, मी गिऱ्हाईक म्हणून स्पष्टच सांगते, राग मानू नका.

आमच्या बिल्डिंगमध्ये आणि भिशीत मिळून चाळीसएक बायका होतात. त्यांच्यासाठी मी दरवर्षी मेन रोड, भांडी बाजार नाहीतर रविवार कारंजाला जाते आणि स्टीलच्या वाट्या, गाळणी, छोटे डबे, जे बरं दिसेल ते डझनावर उचलते. त्यात कला वगैरे कुणी शोधत नाही. कामाची वस्तू असली म्हणजे झालं. तुम्ही त्या बाजाराशी स्पर्धा करायला गेलात तर तुमची दमछाक होईल आणि वस्तूही धड होणार नाही.

पण त्याच हळदीकुंकवाच्या दिवसांत मला पाच-सहा जणींना वेगळं काही द्यायचं असतं. मोठ्या जाऊबाई, नणंद, लेकीच्या शाळेतल्या बाई, पुण्याहून येणारी मैत्रीण. त्यांना वाटी देऊन चालत नाही. तिथे मी पाचशेपर्यंत विचार न करता जाते, जाऊबाईंसाठी तर हजारही. आणि तिथेच मला काही सुचत नाही. शेवटच्या क्षणी ड्रेस पीस घेऊन मोकळी होते, तो त्या पुढच्या वर्षी आणखी कुणाला तरी देतात. (एकदा फिरत फिरत माझ्याकडेच परत आलाय.)

तेव्हा माझं मत, वाणाच्या मागे लागू नका. ह्या पाच-सहा जणींच्या मागे लागा. फलक लावायचाच तर 'वाण' नको, 'जाऊबाईंसाठी' लावा. गर्दी नाही झाली तर मला विचारा.

चिवडा_आणि_चहा

'जाऊबाईंसाठी' 😀 हा फलक मी फुकटात रंगवून देतो.

मठारकाम

आमचं घर तांबटांचं. आजोबांपर्यंत सगळे ठोकायला बसायचे, वडिलांनी दुकान धरलं, मी नोकरी. त्यामुळे किमतीच्या घोळावर चार शब्द.

तांब्याचा हंडा-कळशी घ्यायला आलेलं गिऱ्हाईक आधी वजन करायला लावतं. धातूचा भाव ज्याला-त्याला माहीत असतो. त्यावर मजुरी निराळी. आता मठारकाम म्हणजे काय, तर भांडं आकाराला आल्यावर बाहेरून हातोडीने एकाशेजारी एक, सारख्या अंतराने ठोके मारत जायचं, तळापासून गळ्यापर्यंत. त्याने पत्रा घट्ट होतो, भांड्याला ताकद येते आणि ती चमकती खवल्या-खवल्यांची नक्षी उठते. एक ठोका वाकडा पडला की ओळच्या ओळ बिघडते. आजोबा काम करताना कुणाशी बोलत नसत ते त्यामुळे. गुळगुळीत भांडं आणि मठारलेलं भांडं वजनाला सारखंच भरेल, पण मजुरीत मोठा फरक. आणि गिऱ्हाईक तो देतं, कारण ठोके डोळ्यांना दिसतात.

सराफ बाजारात तेच. सोन्याचा भाव वेगळा, घडणावळ वेगळी, पावतीवर दोन ओळी. आपल्या लोकांना ही पद्धत पिढ्यानपिढ्या अंगवळणी पडलेली आहे. मग तुमच्या चिठ्ठीवर एकच रक्कम का? 'कागद, शाई, चौकट: अमुक. घडणावळ: तमुक.' असं छापून बघा. तीनशे रुपये कागदाचे नाहीत हे न सांगता कळेल.

पंचवटीचे_काका

मठारकाम, तुमच्या आजोबांबद्दल आदर ठेवून असहमत.

सराफाकडे घडणावळीवर घासाघीस होत नाही असं म्हणायचंय का? अहो, सोन्याच्या भावात कुणी बोलत नाही, सगळी रस्सीखेच त्या दुसऱ्याच ओळीवर असते! "घडणावळ जरा बघा की शेठ," हे वाक्य मी सौंच्या तोंडून जन्मभर ऐकत आलोय. तुम्ही चिठ्ठीवर घडणावळ वेगळी लिहिलीत की गिऱ्हाइकाच्या हातात तुम्ही स्वतःच दोरी दिलीत. शिवाय चित्राला हे लागू कसं करणार? शिवाजी तुपे यांचं गोदाघाटाचं जलरंगातलं चित्र समोर ठेवलं तर कागद किती, रंग किती असं मांडणार का? जलरंगात हात बसलेला माणूस अर्ध्या-पाऊण तासात काम संपवतो. मग घडणावळ अर्ध्या तासाची लावायची? त्यामागची चाळीस वर्षं कुठल्या ओळीत धरायची?

एकच किंमत लिहा, ठामपणे लिहा आणि गप्प बसा.

रोलर_आणि_शाई

काका, जलरंगाचं पटलं. पण माझ्यासारखीच्या कामात मठारकाम म्हणतात त्यात तथ्य आहे असं वाटतं, कारण माझं काम लोकांना 'प्रिंट' वाटतं. प्रिंट म्हणजे झेरॉक्सच्या दुकानातून काढून आणलेला कागद, असाच समज.

लिनोलियमचा जाड तुकडा घ्यायचा, त्यावर चित्र उलटं उतरवायचं, आणि जिथे कागद पांढरा राहायला हवा तिथलं सगळं छोट्या पटाशीने कोरून काढायचं. थंडीत लिनो कडक होतो, पटाशी घसरते आणि थेट डाव्या हाताच्या बोटावर येते. म्हणून मी तो आधी उन्हात ठेवते, नाहीतर इस्त्रीने जरा शेकते. मग रोलरने शाईचा पातळ थर द्यायचा, कागद ठेवायचा आणि स्टीलच्या चमच्याच्या पाठीने इंच-इंच घासायचं. माझ्याकडे छापयंत्र नाही, चमचाच आहे. कागद अलगद एका कोपऱ्यातून उचलला की कळतं शाई नीट बसली की नाही. तेलाची शाई डिसेंबरात वाळता वाळत नाही, घरभर दोऱ्या बांधून कागद टांगलेले असतात आणि घरचे खाली वाकून ये-जा करतात.

एका ठशाचे ठरावीकच कागद काढते, समजा तीस. प्रत्येकाखाली पेन्सिलने ७/३०, ८/३० असा क्रमांक आणि सही. तीस झाले की ठशावर आडवी रेघ कोरून तो बाद करते. म्हणजे प्रत्येक कागद हा मूळच असतो, कशाची नक्कल नाही.

यंदा गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीचा संच केलाय. चार कागद: पाणी पायाशी, कमरेला, छातीला आणि चौथ्यात मारुती पूर्ण पाण्याखाली, नुसतं गोदेचं पाणी. पावसाळ्यात पूर किती आला हे आपण त्याच्यावरूनच सांगतो ना. २०१६ आणि २०१९ चा पूर पाहिलेल्यांना चौथा कागद वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

थंडी_निफाडची

तो मारुतीचा संच मला हवाय. भाऊ अमेरिकेत असतो, दर पावसाळ्यात फोन करून पहिलं हेच विचारतो, "मारुतीच्या कुठपर्यंत आलं?" पोस्टाने पाठवता येईल अशा नळीत घालून द्याल का?

रोलर_आणि_शाई

हो, नळी आहे. चौकटीशिवाय घ्या, काच प्रवासात टिकत नाही.

काटेरी_हलवा

वर ज्या 'एक ताई हलव्याचे दागिने करतात' म्हटलंय ना, ती मीच. धागा वाचतेय दोन दिवस, आज सवड मिळाली.

माझं दुकान वर्षातून नऊ-दहा आठवडे चालतं. मार्गशीर्ष लागला की सुरुवात आणि रथसप्तमीला कुलूप. एरवी शिवणकाम करते. वाणाच्या प्रश्नावर सूनबाई बरोबर बोलल्या आहेत, पण माझ्या बाबतीत एक निराळीच अडचण आहे, ती सांगते.

हलवा बाजारात तयार मिळतो आणि बहुतेक दागिनेवाल्या तोच आणून पुठ्ठ्यावर चिकटवतात. त्यात काही गैर नाही, स्वस्त पडतं. मी हलवा स्वतः करते. पितळेची परात, खाली निखाऱ्याची मंद शेगडी. परातीत तीळ, कधी खसखस, कधी साबुदाणा. साखरेचा पाक गाळून स्वच्छ केलेला, त्याचा एक-एक चमचा घालत बोटांनी सतत फिरवायचं. पाक दाण्यावर चढतो आणि वाळतो, की पुढचा चमचा. घाई करून जास्त पाक घातला तर दाणे एकमेकांना धरून बसतात आणि गोळा होतो. धग वाढली तर साखर पिवळी पडते. पहिल्या दिवशी नुसता पांढरा दाणा दिसतो. काटा यायला लागतो तो दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, आणि तोही हवा कोरडी आणि गार असेल तरच. आभाळ भरून आलं की द्राक्षबागाईतदार जसा वर बघत बसतो तशीच मी. फरक एवढाच की त्याचा माल वेलीवर अडकलेला, माझा परातीत.

मग प्रत्येक दाणा दोऱ्यात गुंफायचा. डिंकाने चिकटवलेला दागिना एक दिवस छान दिसतो. गुंफलेली मोहनमाळ नीट डब्यात ठेवली तर मुलीच्या बोरन्हाणाला घातलेली तिच्या धाकट्या भावाला पण होते. मंगळसूत्र, तन्मणी, बाजूबंद, नथ, मुलग्यांना कृष्णाचा मुकुट आणि बासरी. नथ सगळ्यात किचकट, कारण दाणे सगळ्यात बारीक आणि नेमके एका मापाचे लागतात. वाटीभर हलव्यातून नथीपुरते दाणे वेचायला चाळीशी लावूनही अर्धी संध्याकाळ जाते.

आता अडचण. दालनवाले म्हणाले, तुमच्या टेबलामुळे मुंग्या येतील! भिंतीवर जलरंगातली चित्रं, खाली मी साखर घेऊन बसलेली. पहिल्या वर्षी टेबलाचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले. लोकांना वाटलं ती पण काहीतरी कलाकृती आहे. एका गृहस्थांनी वाट्यांचे फोटो काढले आणि मला विचारलं, "ह्यातून काय सुचवायचंय?" मी म्हटलं, मुंग्यांना सुचवायचंय.

चिवडा_आणि_चहा

मेलो हसून 🤣🤣 "मुंग्यांना सुचवायचंय"

हरसूल_घाट

शिक्षक आहे, त्र्यंबक-पेठ पट्ट्यात नोकरी झाली. तुमच्या प्रदर्शनात वारली चित्रांच्या वस्तू ठेवल्यात तर एक विनंती.

आजकाल प्रत्येक भेटवस्तूच्या टेबलावर वारली दिसते. किल्ल्यांचा फळा, ट्रे, चहाचे कोस्टर, मोबाइलचं कव्हर. त्यातली बरीचशी साच्याने मारलेली किंवा छापलेली असते. वारली चित्रकलेला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, जिव्या सोमा मशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, हे सगळं खरं. पण आमच्या पाड्यावरच्या पोराने काढलेल्या चित्राला त्या ट्रेच्या शेजारी ठेवलं की लोक ट्रेच उचलतात, कारण त्याची रेघ जास्त 'साफ' असते.

ओळखायचं कसं, तर रेघ बघा. तांदळाच्या पिठाची रेघ बांबूच्या काडीने काढतात, काडीचं टोक चावून-ठेचून मऊ केलेलं असतं. सुरुवातीला रेघ भरलेली असते, काडीतलं पीठ संपत आलं की बारीक होते, परत बुडवली की परत भरते. तारप्याच्या (फुंकून वाजवायच्या वाद्याच्या) भोवती नाचणारी माणसं एकासारखी एक दिसली तरी एकाची मान जरा कलती असते, दुसऱ्याचं पाऊल पुढे पडलेलं असतं. साच्यात सगळी पावलं एकाच मापाची. ह्याशिवाय लग्नाचा चौक सुवासिनी लिहितात, त्यात देवी बसलेली असते. तो चौक कोस्टरवर छापून त्यावर गरम चहाचा कप ठेवणं मला तरी बघवत नाही.

आमच्याकडे आणखी एक गोष्ट आहे जी शहरात कुणी आणत नाही: बोहाड्याची, म्हणजे मुखवटे घालून नाचायच्या उत्सवाची, सोंगं. कागदाच्या लगद्याचे, काही लाकडाचे मुखवटे, रावण, गणपती, वाघोबा. नाचवायची सोंगं विकत नाहीत कुणी, विचारूही नका. पण तेच कारागीर वीतभर उंचीचे मुखवटे घरात टांगायला करून देतात. प्रदर्शनात त्यांना स्वतःला बोलवा, माल आमच्याकडे द्या आणि तुम्ही जा असं करू नका. एसटीचं भाडं आणि दुपारचं जेवण गटाने बघावं.

रोलर_आणि_शाई

सर, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. मुखवटे नक्की हवेत आणि कारागीरच हवेत.

येवल्याचा_माग

वारलीवरून आठवलं, तेच दुखणं पैठणीचं. 'पैठणीची पर्स, २५० रुपये' अशी पाटी दिसली की समजा ती पैठणी नव्हे, पैठणीची नक्षी असलेलं यंत्रमागाचं कापड आहे. खऱ्या हातमागाच्या पैठणीच्या पदराची उलटी बाजू बघायची. मोर, मुनिया, कमळ, जे असेल ते मागूनही जवळजवळ तसंच दिसतं, कारण प्रत्येक रंगाचा धागा जिथल्या तिथे अडकवून वळवलेला असतो. मागे लोंबणारे, कापलेले धागे दिसले की पुढे काही विचारायला नको.

पण म्हणून पर्सवालीला हाकलू नका. तिने फक्त 'पैठणी काठाची नक्षी, यंत्रमाग' एवढं लिहावं. घेणारी तरीही घेईल, दिसतेच छान.

झणझणीत_तर्री

सगळे गोड गोड बोलताय म्हणून जरा तर्री.

मागच्या वर्षी एका अशाच प्रदर्शनात (तुमचं नव्हे) गेलो. निम्म्या टेबलांवर रेझिनचे ट्रे, रेझिनच्या किचेन, रेझिनमध्ये अडकलेली फुलं. सगळ्यांचे साचे ऑनलाइन एकाच ठिकाणाहून मागवलेले. एकीकडचा ट्रे दुसरीकडे ठेवला असता तर त्यांनाही ओळखता आला नसता. पुढच्या टेबलावर लेझरने कापलेल्या एमडीएफवर मंडल, बाजूला चमकी. वर पाटी: 'हस्तनिर्मित'. अहो, साचा विकत, रंग विकत, तुम्ही ओतलं फक्त! दालनाचं नाव लावून हे विकायचं आणि घाटावर बसणाऱ्या कुंभारणीशी मात्र पणतीच्या पाच रुपयांवरून वाद घालायचा. चालायचंच.

सिडकोची_सून

तर्री दादा, एवढे चिडू नका. माझी मावसबहीण रेझिनचं काम करते, दोन पोरं शाळेत गेली की दुपारी. ते करताना तोंडाला मास्क, हातात मोजे, खिडक्या उघड्या, आणि बुडबुडा राहिला की सगळं वाया. ओतलं फक्त म्हणायला सोपं आहे. त्यातून तिचे महिन्याचे क्लासचे पैसे निघतात.

झणझणीत_तर्री

वहिनी, कष्ट नाहीत असं मी म्हटलंच नाही. कष्ट करूनच कंपनीत स्क्रूही पिळतात. प्रश्न दालनात काय ठेवायचं हा आहे. तिने स्वतः साचा करावा, मी पहिला गिऱ्हाईक.

दालनातला_माजी

बरीच वर्षं एका दालनात व्यवस्थापक होतो, दुसऱ्या शहरात, आता निवृत्त होऊन इंदिरानगरला असतो. धाग्याच्या मूळ प्रश्नाकडे कुणी वळेना म्हणून लिहितो.

विकलेली वस्तू. चित्रप्रदर्शनात विकलेल्या चित्राखाली लाल टिकली लावतात आणि चित्र शेवटच्या दिवसापर्यंत भिंतीवर राहतं. त्याचं कारण, पुढे येणाऱ्यालाही पूर्ण प्रदर्शन दिसावं. भेटवस्तूंना ही पद्धत लावू नका. ज्याला उद्या हळदीकुंकवाला जायचंय त्याला "रविवारी संध्याकाळी येऊन घेऊन जा" सांगितलंत तर तो घेणारच नाही. वस्तू लगेच हातात द्या. मात्र मग दुसरी जबाबदारी येते. भिंत रिकामी पडते. पहिल्या शनिवार-रविवारी सगळं चांगलं उचललं गेलं की सोमवारी येणाऱ्याला उष्ट्या पंगतीत बसल्यासारखं वाटतं. म्हणून प्रत्येकाने निम्मा माल मागच्या खोलीत ठेवायचा आणि रोज रात्री बंद करताना जागा भरायच्या. भरायला माल नसेल तर खिळा काढून टाका, चित्रं सरकवून घ्या. उघडा खिळा दिसू देऊ नका.

भाडं की टक्का. हे तुम्ही विचारलं नाहीत, पण सगळं त्यावरच आहे. टेबलाचं भाडं आधी घेतलं की दालनवाला मोकळा. माल विकला जावो न जावो. टक्का ठरवला, तर त्यालाही विक्रीची काळजी असते. तो ओळखीच्यांना फोन करतो, खिडकीत चांगली वस्तू मांडतो. टक्का डोळ्यांत खुपतो, एकतृतीयांश म्हटलं की कलाकार उसळतो, पण ज्याचा माल पहिल्यांदाच बाहेर येतोय त्याच्यासाठी तोच बरा. माल पडून राहिला तर खिशातून काही जात नाही. मात्र टक्का किंमतीत आधीच धरा. दालनात पाचशे आणि घरून घेतलं तर साडेतीनशे, असा दुहेरी भाव ठेवलात तर दोन वर्षांत दालनात कुणी काही घेणार नाही.

चिठ्ठी. दोन भागांची करा, मधे छिद्रांची रेघ. दोन्ही भागांवर कलाकाराचं अक्षर, वस्तूचा क्रमांक, किंमत. विक्री झाली की अर्धी फाडून डब्यात. रात्री डबा उलटा केला की कुणाचे किती ते दहा मिनिटांत निघतं. आता सगळे क्यूआरने पैसे देतात, त्यामुळे क्यूआर एकच हवा, गटाचा. प्रत्येक टेबलावर वेगळा ठेवलात तर एका बाईने तीन जणांकडून चार वस्तू घेतल्या की ती तीनदा फोन काढणार, आणि तिसऱ्यांदा नेटवर्क जाणार.

आणि काकांशी सहमत: चिठ्ठीवर किंमत एकच. मठारकाम यांचा ठोक्यांचा मुद्दा मात्र सोडू नका. घडणावळ आकड्यात लिहिण्यापेक्षा दाखवा. कोरलेला लिनोचा ठसा आणि तो चमचा छपाईशेजारी ठेवा. हलव्याचा तिळापासून काट्यापर्यंतचा प्रवास चार वाट्यांत मांडा.

पंचवटीचे_काका

शेवटी कुणीतरी शहाणं माणूस आलं.

मठारकाम

काका 🙏 चमचा शेजारी ठेवायची कल्पना आवडली. मी आजोबांची हातोडी देतो आठवडाभर, आणि अर्धा मठारलेला, अर्धा गुळगुळीत असा एक गडू घरात आहे. विकायचा नाही.

आकडेमोड

एक कोरडी माहिती. वस्तूंच्या विक्रीतून वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर महाराष्ट्रात जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. गटातल्या कुणाची त्यावर जात असेल असं वाटत नाही (जात असेल तर मलाही लिनो शिकवा). पण विक्री गटाच्या एकाच खात्यातून होणार असेल तर पैसे कुणाचे किती याची वही चोख ठेवा, नाहीतर ज्याच्या खात्यावर क्यूआर आहे त्याचंच उत्पन्न दिसेल. सीएला एकदा विचारून घ्या.

बोरांची_आई

मुलांसाठी काही कराल का? दालनात गेलं की पूर्ण वेळ "हात लावू नको, हात लावू नको" करत मी मुलाच्या मागे. एक खालचं फडताळ असं करा जिथे फक्त दहा वर्षांखालच्यांनी खरेदी करायची, वीस-तीस रुपयांत, आई-आजीला द्यायला. मोठ्यांना तिथे बंदी. मुलगा माझ्यासाठी काहीतरी निवडतोय आणि मला बघायला मनाई आहे, यासाठी मी दोनदा येईन.

रोलर_आणि_शाई

हे फडताळ नक्की! फुटक्या-कमी प्रतीच्या वस्तू नकोत तिथे, लहान वस्तू हव्यात. लिनोच्या कापून उरलेल्या तुकड्यांतून मी काडेपेटीएवढे ठसे करते, त्याच्या पुस्तकखुणा होतील. आणि बघा, वाणाचा जो स्वस्त कोपरा मला हवा होता तो असा मिळाला.

इतक्या प्रतिसादांनंतर गटाची काल बैठक झाली. ठरलं ते असं: वाणाच्या ऑर्डरी घ्यायच्या नाहीत. विकलेली वस्तू तिथल्या तिथे द्यायची. टक्क्यावर बोलणी चालू आहेत, दालनवाले भाड्यावर अडून आहेत, बघू. एकच क्यूआर. तयार साच्यातलं किंवा छापील काही असेल तर तसं चिठ्ठीवर लिहायचं; यावर दोघे नाराज झाले आणि एकजण या वर्षी नाही म्हणाले. तर्री दादा, तुमच्यामुळे भांडण झालं, आता तुम्ही खरेदीला यायचंच. सावानात (सार्वजनिक वाचनालय, नाशिक) आणि कुसुमाग्रज स्मारकात सूचनाफलकावर कागद लावणार आहोत. सावाना १८४० पासून चालू आहे, तिथला फलक अजूनही लोक उभं राहून वाचतात, व्हॉट्सॲपवर येणारं पोस्टर कुणी उघडत नाही.

'जाऊबाईंसाठी' फलकावर मतदान झालं. बहुमताने मंजूर. चिवडा, रंग आणि ब्रश घेऊन या.

चिवडा_आणि_चहा

येतो. गाडीचं कुणी सांगितलं नाहीच.

दालनातला_माजी

चालत या, थंडी आहे.

नवी_सासूबाई

काटेरी ताई, सुनेची पहिली संक्रांत आहे. गुंफलेला पूर्ण संच हवाय, नथीसकट. काळ्या साडीवर उठून दिसेल असा. अजून वेळ आहे ना? माप काय द्यायचं?

काटेरी_हलवा

सासूबाई, वेळ आहे पण फार नाही. पूर्ण संचाची ऑर्डर नाताळपर्यंतच घेते, त्यानंतर फक्त सुटे दागिने, आणि नथ तर अजिबातच नाही. माप म्हणून सुनेच्या मनगटाला आणि दंडाला दोरा गुंडाळून तेवढा तुकडा पाठवा, इंच-सेंटिमीटर नको. गळ्यातलं मी दोन लांबीत करते, तन्मणी गळ्यालगत हवा की जरा खाली ते तिलाच विचारा. आणि आभाळ आलं तर दोन दिवस मागेपुढे होईल, आत्ताच सांगून ठेवते.